नारळ हातात पडण्यापूर्वी

नोकरीवरून काढून टाकण्याला आपल्या भाषेत ‘नारळ देणे’ म्हणतात. ज्या नारळाने आपण ओटी भरतो, जो नव्या गाडीपुढे फोडतो, तोच निरोपाच्या वेळीही हातात ठेवतात! असो. मला लिहायचे आहे ते या नारळापूर्वीच्या काळाविषयी. नारळ हातात पडतो एका क्षणात. परंतु तो येणार याची चाहूल पुष्कळांना पुष्कळ आधी लागलेली असते. या मधल्या काळात माणसाने काय करावे? गप्प बसून वाट पाहावी, की तयारीला लागावे? माझे मत असे की तयारीला लागावे. आणि ती तयारी चोरून न करता घरच्यांना, सहकाऱ्यांना सांगून करावी.

हे मत मी तिऱ्हाइताच्या अलिप्तपणाने मांडत नाही. गेली आठ वर्षे मी मराठीचा हंगामी प्राध्यापक आहे. वर्षाच्या आरंभी आदेश मिळतो, परीक्षा आटोपल्या की त्याची मुदत संपते, आणि पुन्हा नव्या आदेशाची वाट पाहणे सुरू होते. मी शिकवू लागलो तेव्हा पहिल्या वर्षाला मराठीच्या दोन तुकड्या होत्या. पुढे एक उरली. यंदा त्या एका तुकडीतही पुढचे तीन बाक तेवढे भरतात. उरलेल्या तासांना एक कायम प्राध्यापक पुरेसे आहेत, एवढे गणित मराठीच्या माणसालाही येते. यात संस्थेचा दोष नाही. आपल्या मुलांना इंग्रजी शाळेत घालणाऱ्या पालकांनाही मी दोष देणार नाही. पोराच्या पोटापाण्याची काळजी कोणाला नसते? पण दोष कोणाचा नसला तरी परिणाम टळत नाही. पुढील वर्षी मला आदेश मिळणार नाही, असे धरूनच मी चाललो आहे.

यावर आमचे वाणिज्य आणि संगणक शाखेचे विद्यार्थी म्हणतील, “सर, हे मराठीवाल्यांचे दुखणे झाले. आम्हांला त्याचे काय?” मित्रहो, २०२५ च्या जुलैमध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या संगणक-सेवा कंपनीने आपले सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. ज्या नोकरीचे पेढे आपण गल्लीभर वाटतो, तिचीही ही अवस्था! आपल्या उद्यमबागेतील फौंड्र्यांकडे पाहा. वाहनांच्या कारखान्यांची मागणी घटली की इकडच्या भट्ट्या थंडावतात, आणि कंत्राटी कामगाराला प्रथम घरी बसावे लागते. शहापूर-वडगावच्या विणकरांना तर हे सांगायलाच नको.

इतिहासातला एक धडा येथे आठवतो. मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आपल्या शेजारच्या चंदगड-आजऱ्याकडची कितीतरी घरे गिरणीच्या पगारावर उभी होती. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. असंख्य कामगार कामावर परत गेलेच नाहीत. संपामुळे गिरण्या बुडाल्या, असे सरसकट म्हटले जाते. परंतु संपाच्या कितीतरी आधीपासून भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग स्वस्त कापड काढत होते, आणि अनेक गिरण्यांतील यंत्रे म्हातारी झाली होती. म्हणजे नोटीस केव्हाच लिहायला घेतली गेली होती. ती वाचायला मात्र कामगाराला कोणी शिकवले नव्हते.

अशी नोटीस वाचण्यासाठी ज्योतिषाची गरज नसते. निवृत्त झालेल्याची जागा भरली जात नाही. जादा पाळी बंद होते. आपलेच काम हळूहळू कंत्राटदाराकडे जाते. पगाराची तारीख सातावरून पंधरावर सरकते. वरिष्ठ पुढच्या वर्षाविषयी बोलायचे टाळू लागतात. यातले एखादे लक्षण दिसले म्हणून घाबरू नये. तीन-चार एकदम दिसली तर मात्र वही-पेन्सिल घेऊन बसावे.

येथे दोन आक्षेप हमखास येतात. पहिला घरातल्या वडीलधाऱ्यांचा : “असे अशुभ बोलू नये.” आपल्याकडे बारशापासून तेराव्यापर्यंत प्रत्येक प्रसंगाचा विधी ठरलेला आहे, नोकरी जाण्याचा तेवढा नाही. म्हणून ती गोष्ट लपवली जाते. नोकरी गेल्यानंतरही रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडणारे आणि संध्याकाळपर्यंत वाचनालयात बसून राहणारे गृहस्थ आपल्या शहरात नाहीत काय? त्यांना पगाराच्या चिंतेहून लाजेचे ओझे जड होते. मी घरात सांगितले तेव्हा आईने देवापुढे दिवा लावला आणि पत्नीने हिशेबाची वही काढली. दोहोंनी मला धीर आला. जी गोष्ट एकट्याच्या छातीवर धोंड होऊन बसते, तिचे चौघांत बसल्यावर काम होते, आणि काम वाटून घेता येते.

दुसरा आक्षेप सहकाऱ्यांचा : “जो जाण्याची तयारी करतो, त्याचे कामात लक्ष कसे राहणार? हा कृतघ्नपणा नव्हे काय?” मला हे पटत नाही. ज्याला उद्याची धास्ती आहे आणि तयारी मात्र काहीच नाही, त्याचेच लक्ष उडते. तो वर्गात शिकवता शिकवता कार्यालयाच्या दाराकडे पाहत असतो. ज्याने आपली व्यवस्था लावली, तो निश्चिंत मनाने शिकवतो. निष्ठा कामावर असावी; खुर्चीवरची निष्ठा खुर्ची गेली की माणसाला उघडे पाडते.

मग तयारी म्हणजे नेमके काय? मी करीत आहे तेच सांगतो.

पहिली गोष्ट कागदांची. दरवर्षीचा नेमणूक आदेश, अनुभवाचा दाखला, पगाराच्या पावत्या हे सारे नोकरीत असतानाच मिळवावे. आज कार्यालयातले कारकून चहा पाजून दाखला देतात. उद्या त्याच दाखल्यासाठी तीन हेलपाटे पडतात. ज्यांचा भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, त्यांनी आपला बारा अंकी खातेक्रमांक, नाव व जन्मतारीख नीट जुळते की नाही हे आताच पाहावे. नावातल्या एका अक्षरासाठी स्वतःचेच पैसे अडकून पडतात.

दुसरी गोष्ट पैशांची. महिन्याचा खर्च दोन रकान्यांत लिहावा : भाडे, किराणा, औषध, मुलांची फी एका रकान्यात, जे सहा महिने थांबू शकते ते दुसऱ्यात. पहिल्या रकान्याच्या सहापट रक्कम हाताशी असेल तर माणूस पडेल ती अट स्वीकारत नाही. सहापट जमत नसेल तर तिप्पट जमवावी. आणि या काळात नवे कर्ज काढू नये, दुसऱ्याला जामीनही राहू नये.

तिसरी गोष्ट हक्कांची. कामगाराला कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पुऱ्या वर्षाला पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे, हा १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचा नियम होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही तो कायम आहे. त्यासाठी किमान वर्षभराची सलग सेवा लागते. परंतु स्वेच्छेने राजीनामा देणाऱ्याला ही भरपाई मिळत नाही. म्हणून ‘राजीनामा द्या, तुमचेच नाव राहील’ असा गोड सल्ला मिळाला तर सही करण्यापूर्वी रात्रभर विचार करावा आणि जाणकाराला विचारावे. मुदतीची नेमणूक मुदत संपून थांबली, तर तिला कपात म्हणत नाहीत. ही तरतूद १९८४ पासूनची आहे. आम्हां शिक्षकांची गोष्ट आणखी वेगळी. शिक्षक हा त्या कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात दिला. ग्रॅच्युइटीचा हक्क मात्र शिक्षकांना आहे. २००९ च्या दुरुस्तीने तो १९९७ पासून लागू झाला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. सेवेची वर्षे मोजायची वेळ आली की पुन्हा ते आदेशांचे कागदच उपयोगी पडतात.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढच्या कामाची. येथे बहुतेक जण एकदम दूर उडी घेऊ पाहतात. चाळिशीतला माणूस म्हणतो, आता सगळे सोडून हॉटेल काढतो! माझे मत असे की पुढचे काम बहुधा आपल्या कामाच्या शेजारच्या गल्लीत असते. लेथवर हात बसलेल्याने संगणकावर चालणारे यंत्र शिकावे. हिशेबनीसाने जीएसटीची विवरणपत्रे भरायला शिकावे. मी स्वतः काय करीत आहे? बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. जुन्या घरांतून मोडीतले खरेदीखत, वाटणीपत्र आजही निघते आणि ते वाचणारा सापडत नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांना किती मागणी आली हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेच. मोडी मी विद्यार्थिदशेत शिकलो होतो. आता रोज रात्री दोन पाने वाचून हात साफ करतो. दुसरे, कन्नड विभागातील स्नेह्यांकडे बसून मी कन्नड लिहायला शिकत आहे. बोलता तर येतच होते. या अंकाच्या एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड आहे. ज्याला दोन्ही बाजू वाचता येतात, त्याला वकिलाकडे, बँकेत, छापखान्यात, भाषांतराच्या कामात जागा मिळू शकते. सीमेवर राहण्याचे तोटे आपण पुष्कळ ऐकले. हा एक फायदा पदरात पाडून घ्यावा.

अध्यापनातच राहू इच्छिणाऱ्यांनी एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात ठेवावी. एका राज्याची सेट परीक्षा त्या राज्यापुरती चालते. नेट देशभर चालते. सीमेवरच्या माणसाने महाराष्ट्राची सेट देऊन कर्नाटकात अर्ज केला तर त्याचे श्रम वाया जातात. आपल्यासाठी नेट हाच सरळ रस्ता.

आता दोन विनंत्या. पहिली संस्थाचालकांना, कोणत्याही एका संस्थेला उद्देशून नव्हे. पुढील वर्षी तास नाहीत हे जानेवारीत दिसत असेल, तर ते जानेवारीतच सांगावे. सहा महिन्यांची आगाऊ सूचना द्यायला एक पैसाही लागत नाही, आणि तिने एक घर सावरते. ‘बिचाऱ्याला आतापासून कशाला दुखवा’ ही दया महागात पडते, आणि तिची किंमत तो बिचाराच मोजतो.

दुसरी विनंती विद्यार्थ्यांना. तुमच्यापैकी पुष्कळांच्या हातात लवकरच पहिला नेमणूक आदेश येईल. पगाराचा आकडा पाहून झाला की त्याच कागदावर खाली नोटिशीची मुदत किती, नेमणूक मुदतीची की कायम, हेही वाचा. पहिल्या पगारातून थोडे बाजूला काढा. पदवीच्या जोडीला हाताला दुसरे एक काम येऊ द्या. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण पाचवीच्या निबंधात लिहिले आहे. आता ते अमलात आणण्याचे वय झाले.

आणि हातातले काम तोवर चोख करावे, हे सांगायला नकोच. मला पुढच्या वर्षाचा आदेश मिळो वा न मिळो, यंदाचा अभ्यासक्रम पुरा होणार आणि शेवटच्या तासालाही हजेरी घेतली जाणार. पुढच्या तीन बाकांवरील मंडळींनी याची नोंद घ्यावी.