गोष्ट आपली, कॅमेरा कुणाचा?

मैत्रिणींनो,

शिबिरात 'आता आपापली गोष्ट सांगू या' असं म्हटलं की बराच वेळ कुणी बोलत नाही. मग एकजण सुरुवात करते आणि चार वाक्यांत संपवते : 'लग्न झालं, नवरा त्रास द्यायचा, सासू बोलायची, मुलांकडे बघून दिवस काढले.' पंचवीस वर्षांचं आयुष्य एका दमात! तीच बाई जेवणानंतर मालिकेतल्या नायिकेबद्दल बोलायला लागली की काय काय सांगते. दाराआड कोण उभं होतं, कागदावर सही कशी करून घेतली, ही तेव्हा गप्प का बसली, तिने कुठे तोंड उघडायला हवं होतं. दुसरीची गोष्ट प्रसंगाप्रसंगाने सांगणारी बाई स्वतःच्या आयुष्याची मात्र गोळाबेरीज करून का मोकळी होते?

'त्यात काय सांगायचं, सगळ्यांचंच असतं' हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे, हे एक कारण. दुसरं कारण असं की जे थोडंफार सांगितलं जातं, त्यालाही एक तयार साचा मिळालेला असतो. सोशीक सून, कपटी जाऊ किंवा नणंद, आणि एक ना एक दिवस सगळ्यांचे डोळे उघडतील ही आशा. 'क्यूँकी सास भी कभी बहू थी' ही मालिका २००० ते २००८ या काळात अठराशेहून जास्त भाग चालली. इतकी वर्षं रोज रात्री एखादा साचा घरात येत राहिला, तर आपल्या बोलण्यात तो उतरणारच.

हा साचा किती चिवट आहे हे त्याच्याही आधी दिसलं होतं. १९८४ साली दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी कुटुंबनियोजनासारखे विषय मालिकेतून पोचवण्याची जी पद्धत बसवली होती, तिच्या धर्तीवर ही मालिका आखलेली होती. स्त्रियांचा दर्जा हा तिच्या विषयांपैकी एक. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन बोध सांगत. सोसत राहिलं की काय होतं हे भागवंती या आईच्या रूपाने दाखवायचं होतं. पण नंतरच्या पाहणीत दिसलं की बऱ्याच प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली! हेतू चांगला असून भागत नाही. सोसणाऱ्या बाईला मधोमध बसवून तिच्याभोवती संगीत वाजवलं की सोसणंच सुंदर दिसायला लागतं.

म्हणून मालिका वाईट, असं म्हणून विषय संपवायचा का? आम्हाला तसं वाटत नाही. १९८९ साली आलेली 'उडान' आठवून पाहा. कविता चौधरी यांनी ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि तिच्यात प्रमुख भूमिकाही केली. तिच्यामागे त्यांच्या बहिणीचं, कांचन चौधरी भट्टाचार्य यांचं खरं आयुष्य होतं. याच कांचनताई २००४ मध्ये देशातल्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. आपल्याकडे शांताबाई कांबळे यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा' या आत्मकथनावरून मुंबई दूरदर्शनवर 'नाजुका' ही मालिका झाली. एका दलित शिक्षिकेने स्वतः लिहिलेलं आयुष्य घराघरांतल्या पडद्यावर गेलं. तेव्हा हत्यारं तीच असतात, ती कुणाच्या हातात आहेत हे पाहायचं. मालिकेची चार हत्यारं आपण उचलायला हरकत नाही.

पहिलं हत्यार, प्रसंग. 'तो पैसे देत नव्हता' हा सारांश झाला. 'पगार माझ्या खात्यात यायचा, एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात असायचं, मुलाला ताप आला त्या रात्री रिक्षाचे पैसे शेजारणीकडून घेतले' हा प्रसंग झाला. पहिल्यावर ऐकणारा 'घरोघरी मातीच्या चुली' म्हणतो. दुसऱ्यावर त्याला तसं म्हणता येत नाही.

दुसरं, 'मागील भागात'. मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावलं, एवढंच सांगितलं की लोक म्हणतात, 'एवढ्याशावरून घर सोडायचं?' मागचे भाग जोडून दाखवले की ते 'एवढंसं' उरत नाही.

तिसरं, कॅमेरा. 'मी उलट बोलले म्हणून त्याने मारलं' असं बाई सांगते, तेव्हा कॅमेरा त्याच्या खांद्यावर असतो. तो आपल्याकडे घेऊन पाहा : 'मी माझे पैसे मागितले. त्याने मारलं.' सासू-सुनेच्या भांडणातही कॅमेरा जरा फिरवा. दोघी स्वयंपाकघरात एकमेकींवर ओरडताहेत, आणि ज्याच्यामुळे हे सगळं चाललंय तो बाहेरच्या खोलीत निवांत बसलाय. चौकटीत तो दिसतच नाही! त्याला चौकटीत आणलं की सासू खलनायिका राहत नाही. तीही कधीतरी याच घरात धाकात राहिलेली बाई आहे, हे दिसायला लागतं.

चौथं, 'पुढील भागात'. भाग अशा जागी थांबतो जिथे कुणाला काहीतरी ठरवायचं असतं. आपल्या आयुष्याचे भागही तिथेच पाडून पाहा. लग्न, बाळंतपण, वैधव्य ही आपल्यावर आलेली वळणं. पण गटात पहिल्यांदा आले, स्वतःच्या नावाचं खातं उघडलं, त्या रात्री दार आतून लावून घेतलं, ही मी घेतलेली वळणं आहेत. असे भाग पाडायला लागल्यावर 'मी काहीच केलं नाही' म्हणणारीलाही आपण काय काय केलं ते दिसतं.

हा केवळ लिहिण्या-बोलण्याचा हौशी खेळ नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार संरक्षण अधिकारी जो घटना अहवाल भरतात, त्यात हिंसा कधी, कुठे, किती वाजता, कुणी केली असे रकाने आहेत. 'खूप सोसलं' याला तिथे रकाना नाही. मात्र इथे एक पथ्य पाळायलाच हवं. मालिकेला रंग भरता येतात, आपल्याला नाही. तारीख आठवत नसेल तर 'पेरणीनंतर', 'धाकटी रांगायला लागली होती तेव्हा' असं सांगा, पण नसलेली तारीख घालू नका. आणि आपल्याजवळ बोलणाऱ्या बाईचं सांगणं तिच्याच शब्दांत उतरवा. तिचे अश्रू अहवालात घालून तो भारदस्त होत नाही.

मालिकेचं घ्यायचं नाही असंही काही आहे. मालिकेला सगळं उघड करावं लागतं, आपल्याला न सांगण्याचा हक्क आहे. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं. नवऱ्याकडून सोसलेलं त्यांनी त्यात लिहिलं नाही, कारण ती गोष्ट त्यांना साऱ्या समाजाची म्हणून सांगायची होती, असं पुढे मुलाखतीत त्यांनी सांगितलं. काय चौकटीत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं, हे त्यांनी स्वतः ठरवलं. या निवडीबद्दल आपल्यात मतभेद असू शकतील, त्यावर बोलूही. पण ठरवणारी ती होती. आणि नावातला 'आमुचं' हा शब्द पाहा : एकच नायिका आणि बाकी सगळ्या तिच्या मागे, हा मालिकेचा हिशोब तिथे चालत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करून पाहा. प्रत्येकीने एकच प्रसंग सांगायचा, जिथे तिने काहीतरी ठरवलं असा. बाकीच्यांनी मध्ये सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारायचं : 'तेव्हा तू कुठे उभी होतीस? तुला काय दिसत होतं?' लिहिता येणारीने न येणारीचं उतरवून घ्यावं, आणि तिला वाचून दाखवावं. तिने 'हो, असंच झालं' म्हटलं, आणि तिची इच्छा असली, तरच ते आमच्याकडे पाठवा. नाव हवं तर बदलून घालू. मात्र कुणाच्याही गोष्टीला गोड शेवट आम्ही जोडणार नाही. ज्यांच्या गोष्टी अजून चालू आहेत, त्यांचे पुढचे भाग त्यांनीच ठरवायचे आहेत.

– संपादक मंडळ