विश्लेषण : प्रोसेसर बदलला की व्हर्च्युअल मशीन का अडते?

ॲपलने इंटेलचे प्रोसेसर सोडून स्वतःचे, 'आर्म' रचनेवर आधारित प्रोसेसर वापरण्याची घोषणा जून २०२० मध्ये केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एम१ चिपचे मॅक बाजारात आले. ब्राऊझर, ऑफिस, फोटो संपादन अशी बहुतेक ॲप त्यावर लगेच चालू लागली. पण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या 'व्हर्च्युअलबॉक्स'ला या मॅकवर अधिकृतपणे चालण्यासाठी सप्टेंबर २०२४ उजाडावे लागले. जवळपास चार वर्षे! ओरॅकलसारखी कंपनी पाठीशी असताना एवढा वेळ का लागला? विंडोजचे आर्म लॅपटॉपही आता दुकानांत आहेत आणि भारत स्वतःच्या प्रोसेसरची तयारी करतो आहे. म्हणून हा प्रश्न फक्त मॅकवाल्यांचा उरलेला नाही.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?

एका संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. तुमच्या लॅपटॉपची विंडोज ही 'यजमान' आणि तिच्यातल्या एका खिडकीत चालणारी उबुंटू ही 'पाहुणी' प्रणाली. पाहुणीला वाटते, सगळा संगणक आपलाच आहे. हा भास निर्माण करणाऱ्या आणि दोघींत भांडण होऊ न देणाऱ्या सॉफ्टवेअरला 'हायपरवायजर' म्हणतात. महाविद्यालयांच्या लॅब, सायबर सुरक्षेचे प्रशिक्षण, फक्त जुन्या विंडोजवरच चालणारे एखादे हिशेबाचे सॉफ्टवेअर, एवढेच नव्हे तर क्लाऊडचा मोठा डोलाराही याच तंत्रावर उभा आहे.

इतर ॲप चालतात, मग हेच का नाही?

साधे ॲप प्रोसेसरशी फारसे थेट बोलत नाही. फाइल उघडायची, स्क्रीनवर काही दाखवायचे तर ते ऑपरेटिंग सिस्टीमला सांगते. त्यामुळे नव्या प्रोसेसरसाठी त्याचा कोड पुन्हा कम्पाइल केला की बरेचसे काम होते. तेही झाले नसेल तर ॲपलचे 'रोझेटा २' मध्ये दुभाष्याची भूमिका घेते आणि इंटेलसाठीच्या सूचना आर्मच्या भाषेत आणून देते.

हायपरवायजरचे तसे नाही. मेमरीचे वाटप, इंटरप्ट, टायमर अशा प्रोसेसरच्या थेट गाभ्यातल्या गोष्टींवर त्याला ताबा हवा असतो. इंटेलच्या 'एक्स८६' रचनेत आणि आर्ममध्ये हा गाभाच वेगळा आहे. म्हणूनच एक्स८६ संगणक उभा करणाऱ्या व्हर्च्युअल मशीन ॲपचे भाषांतर रोझेटा करत नाही, असे ॲपलने आपल्या तांत्रिक माहितीत स्पष्टच लिहिले आहे.

म्हणजे नेमके काय बदलावे लागते?

जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये एक कसोटी मांडली. पाहुण्या प्रणालीने संगणकाच्या गाभ्याला हात घालणारी सूचना दिली की प्रोसेसरने तिथेच थांबून हायपरवायजरला कळवले पाहिजे. एक्स८६ या कसोटीत नापास होता. काही सूचनांवर तो थांबतही नसे आणि त्या नीट पाळतही नसे. गुपचूप पुढे जाई. पेन्टियममध्ये अशा १७ सूचना असल्याचे २००० मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये त्यावर तोड काढली होती : पाहुणीचा कोड चालता चालताच तपासायचा आणि अडचणीच्या सूचना बदलून टाकायच्या. पुढे २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच यासाठी खास सोय केली.

आर्मची सोय वेगळ्या पद्धतीची आहे. तिथे अधिकारांच्या पायऱ्या असून हायपरवायजरसाठी एक स्वतंत्र पायरी राखलेली आहे. इंटरप्ट हाताळणारी यंत्रणा वेगळी, मेमरीची पाने मांडण्याची पद्धत वेगळी, संगणक सुरू होण्याची रीतही वेगळी. लिनक्समधील 'केव्हीएम' हा हायपरवायजर एक्स८६ साठी २००७ मध्ये आला. आर्मसाठी तो लिनक्सच्या ३.९ या आवृत्तीत, २०१३ मध्ये दाखल झाला. सॉफ्टवेअर नव्या प्रोसेसरवर नेण्याला 'पोर्टिंग' म्हणतात. हायपरवायजरच्या बाबतीत मात्र ते घराची रंगरंगोटी नसून पाया नव्याने खणण्यासारखे आहे.

पोर्टिंग झाले, मग प्रश्न संपला?

नाही. इथेच अनेकांची फसगत होते. व्हर्च्युअलबॉक्स ७.१ आर्मच्या मॅकवर चालते, पण त्यात पाहुणी प्रणालीही आर्मसाठीचीच लागते. २०१८ मध्ये इंटेलच्या संगणकावर तयार केलेले उबुंटूचे मशीन त्यात उघडणार नाही. विंडोजच्या आर्म लॅपटॉपवर हे सॉफ्टवेअर ७.२ या आवृत्तीसह ऑगस्ट २०२५ मध्ये पोहोचले. हायपरवायजर आला म्हणून जुने मशीन त्याच्या मागोमाग येत नाही.

दुसरा मार्ग 'एम्युलेशन'चा. क्यूईएमयूसारखे सॉफ्टवेअर पाहुणीच्या प्रत्येक सूचनेचे भाषांतर करते. जुने मशीन उघडते, पण वेग खूप घटतो. मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलमधील असेम्ब्लीचा चाळीस ओळींचा प्रोग्राम त्यावर सहज चालेल. जड डेटाबेस किंवा पूर्ण विंडोज चालवताना संयमाची परीक्षा होईल.

रोझेटाचा पूलही कायमचा नाही. मॅकओएस २७ नंतर ही सोय काही जुन्या गेमपुरतीच मर्यादित ठेवणार असल्याचे ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केले.

भारताचा यात संबंध काय?

केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये 'डिजिटल इंडिया रिस्क-फाइव्ह' कार्यक्रम जाहीर केला. रिस्क-फाइव्ह ही कुणालाही परवाना शुल्काशिवाय वापरता येणारी प्रोसेसर रचना आहे. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा 'वेगा' हे प्रोसेसर याच रचनेवर आधारलेले आहेत.

या रचनेवर केव्हीएम नेण्याच्या कामात अनुप पटेल हे भारतीय अभियंते आघाडीवर होते. त्यांचे काम २०१९ मध्येच लिनक्सच्या चर्चेत आले होते. पण प्रोसेसरमधील हायपरवायजरच्या सोयीचे प्रमाणित नियमच अंतिम झाले नव्हते आणि अपुऱ्या नियमांवर लिहिलेला कोड लिनक्स स्वीकारायला तयार नव्हते. २०२१ च्या अखेरीस नियमांना मान्यता मिळाली आणि जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या लिनक्स ५.१६ मध्ये हे काम समाविष्ट झाले. कोड तयार असूनही दोन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले.

मग करायचे काय?

स्वदेशी चिपची बातमी आली की आपण गिगाहर्ट्‌झ आणि नॅनोमीटर मोजतो. ते मोजावेच. पण सरकारी डेटा सेंटरमध्ये ती चिप बसवायची तर तिथली व्हर्च्युअल मशीन तिच्यावर कोण आणणार, त्यासाठी किती माणसे व किती वर्षे लागणार, हेही त्याच दिवशी विचारायला हवे. चिप बनवण्यासाठी निधी आणि सॉफ्टवेअर आपोआप येईल ही आशा, असा हिशेब जुळणार नाही. एवढी मोठी कंपनी पाठीशी असताना व्हर्च्युअलबॉक्सला चार वर्षे लागली, हे विसरून चालणार नाही.

महाविद्यालयांना तर निधीचीही वाट पाहायची गरज नाही. उबुंटू आणि डेबियन आर्मसाठीही मोफत मिळतात. प्रॅक्टिकलसाठी एकच तयार मशीन वाटण्याऐवजी एक्स८६ आणि आर्म अशी दोन मशीन द्यावीत, किंवा मशीन शून्यातून उभे करण्याच्या पायऱ्याच लिहून द्याव्यात. नाहीतर, चालू शकणारा लॅपटॉप हाती असूनही विद्यार्थ्याच्या पालकांना दुसऱ्या लॅपटॉपचा खर्च सोसावा लागेल.

आणि लॅपटॉप घेणाऱ्यांनी दुकानात जाण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. आपल्याला लागणारा हायपरवायजर या प्रोसेसरवर चालतो का? आतली पाहुणी प्रणाली या प्रोसेसरसाठी मिळते का? मिळत नसेल, तर एम्युलेशनचा वेग आपल्या कामाला पुरेल का? तिन्हींची उत्तरे 'नाही' असतील, तर बॅटरी कितीही तास चालो, तो लॅपटॉप तुमच्या कामाचा नाही.