स्टेरॉइड परस्पर बंद करू नका



'शस्त्रक्रियेआधी आठवडाभर स्टेरॉइड बंद ठेवावे' हा गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचा सल्ला जिवावर बेतू शकतो. जखम चिघळेल, साखर वाढेल ही त्यांची भीती खरी आहे. पण डोस उतरवायचा तर तो डॉक्टरांनीच, टप्प्याटप्प्याने. महिनाभर रोज ५ मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन घेतले, की अधिवृक्क ग्रंथींचे काम मंदावू शकते. मग शस्त्रक्रियेच्या ताणात पुरेसे कॉर्टिसोल मिळत नाही, रक्तदाब कोसळतो. कॉर्टिसोन घेणाऱ्या रुग्णाचा शस्त्रक्रियेनंतर असा मृत्यू झाल्याची नोंद अमेरिकेत १९५२ मध्येच झाली. म्हणूनच अशा रुग्णांना भूल देताना हायड्रोकॉर्टिसोन टोचतात.

सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड सापडले आहे. आमच्याकडून पुण्याला शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्यांनी त्या पुड्याही भूलतज्ज्ञांना दाखवाव्यात, लाजू नये.

— एक वाचक, पाली (ता. राजगड, जि. पुणे)