एकनाड बघणाऱ्यांसाठी

या आठवड्यात मोबाइलवर पुन्हा तेच आवाहन फिरलं: नाकात नळी घातलेलं बाळ, खाली १६ कोटींच्या इंजेक्शनचा आकडा आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’. पैसे देणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीत. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळासाठी लोकांनी खरोखरच एवढी रक्कम उभी केली आणि केंद्रानं वरचा सहा कोटींच्या आसपासचा कर माफ केला. पण याला जनजागृती म्हणतात, तिथं माझं घोडं अडतं. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडच्या एका चिमुरडीला तेच इंजेक्शन मिळालं आणि दीडेक महिन्यात ती गेली. मेलेल्या मज्जापेशी औषधानं परत येत नाहीत. म्हणजे आपण जागे होतो ते बहुतेकदा वेळ टळल्यावर.

आजाराचं नाव स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमए. साधारण दहा हजारांत एका बाळाला होतो. बुद्धी शाबूत, पण स्नायू ढिले. मान धरत नाही, पाय हलवत नाही. तीव्र प्रकारात उपचाराविना बहुतेक बाळं दोन वर्षांचीही होत नाहीत. आणि घरात सगळे म्हणत असतात, ‘गुटगुटीत आहे ना, उशिरा धरेल.’ पाटणपासून शिराळ्यापर्यंतची माणसं कराडजवळच्या मलकापुरात कृष्णा रुग्णालयात येतात. त्यांना १६ कोटींचा आकडा पाठ असतो, ही लक्षणं नसतात.

‘दहा हजारांत एक, मग एवढा बाऊ कशाला?’ हा आक्षेप येणारच. आजारी बाळ दुर्मिळ आहे, सदोष जनुक नाही. साधारण पन्नासात एकजण ते बाळगून असतो, स्वतः ठणठणीत; तो वाहक. आईबाप दोघंही तसे निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक धोका. आता आपल्याकडची सोयरीक बघा. देवक एक निघालं की स्थळ मोडतं, कारण ते भाऊबंद. मात्र मामाची पोरगी हक्काची. जनुकांना हे नातं-गोतं कळत नाही. सख्ख्या चुलत बहिणीशी रक्ताची जेवढी जवळीक, तेवढीच मामेबहिणीशी. मुलाकडे आईच्या बाजूनं सदोष जनुक आलं असेल, तर मामाच्या मुलीतही ते असण्याची शक्यता चारांत एक. कोणाकडून आलं ते माहीत नसेल, तरी आठांत एक. परक्या घरातल्या मुलीत पन्नासात एक. बरं, संततीची काळजी आपल्याला नाही असंही नाही. पत्रिकेत एकनाड आली की भटजी मान हलवतात ते संततीच्याच नावानं. छत्तीस गुण मोजणाऱ्या समाजाला लग्नाआधीची तपासणी नवीन कशी म्हणायची? फक्त ती आकाशात चालते.

एसएमएवरचं एक औषध स्वस्त झालं, हे खरं. रिस्डिप्लामची बाटली सहा लाखांच्या घरात होती. न्यायालयीन लढाईनंतर २०२५ मध्ये त्याचं देशी औषध सोळा हजारांच्या आसपास आलं. पण ते आयुष्यभर घ्यायचं, आणि लक्षणं दिसण्याआधी सुरू केलं तरच पुरतं कामाला येतं. सरकारी मदतीची मर्यादा ५० लाख, त्यासाठी धाव मुंबईच्या केईएमसारख्या केंद्रापर्यंत. उलट वाहक तपासणी काही हजारांत होते. मंडपाच्या झालरींना याहून जास्त जातात. अर्थात ती सगळेच वाहक पकडते असं नाही, थोडे निसटतात. पण थोडे निसटतात म्हणून जाळंच टाकायचं नाही, हे काही पटत नाही.

खरा वजनदार आक्षेप वेगळाच आहे: तपासणीत दोष निघाला की पोरीच्या कपाळी शिक्का बसेल, दुसरं स्थळ येणार नाही. ही भीती खोटी नाही. आपला गाव तसाच आहे. मात्र एक वाहक नसेल तर दुसऱ्याला बहुतेकदा तपासावंच लागत नाही, आणि पहिला नंबर कोणाचाही लावला तरी गणित तेच राहतं. तेव्हा रक्त आधी नवऱ्या मुलाचं काढा. बघायचा कार्यक्रम त्यानंतर ठेवला तरी चालेल.