नर्सबाईंची वही

गावच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंना आरोग्य धोरणाविषयी सहसा कोणी मत विचारत नाही. विचारले जातात ते फक्त आकडे. मैदानी भागात पाच हजार, तर आदिवासी व डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हे सरकारी सूत्र. दोन पाड्यांमधला ओढा मात्र त्या सूत्रात बसत नाही. तो बाईच ओलांडतात, लसीचा डबा खांद्याला लावून.

कुटुंबकल्याणाचे टार्गेट होते तेव्हा मार्च आला की शस्त्रक्रियेच्या ‘केसेस’ मिळवण्यासाठी याच बाई दारोदार फिरत. गरोदर बायकांची तपासणी मागे पडे. अखेर एप्रिल १९९६ मध्ये केंद्राने ही उद्दिष्टे देशभर रद्द केली. त्यांतली चूक उमगायला दिल्लीला जवळजवळ तीन दशके लागली. बाईंना एक मार्च पुरला असता. (त्यांची वही तेव्हाही तालुक्याला जातच होती!)

तेव्हा योजनेचा आढावा घेणाऱ्या समितीत संचालक, अर्थतज्ज्ञ जरूर असावेत. पण उपकेंद्रात दहा वर्षे काढलेल्या दोन नर्सबाईही हव्यात, आणि त्याही केवळ हजेरीपुरत्या नव्हेत. आकड्यांच्या रकान्याशेजारी त्यांच्या शेऱ्यासाठी एक रकाना ठेवावा आणि तो शेरा अहवालात जसाच्या तसा छापावा. पुढच्या मार्चपूर्वी एवढे सहज करता येईल.