पाठ ताठ झाली, ओझं तेवढंच!

कॉलेजच्या पार्किंगमध्ये एखादी जुनी सफारी हमखास असते. कुणाच्या तरी काकांनी विकायला काढलेली, स्वस्तात पदरात पडलेली. पहिला पाऊस पडला की प्लॅन ठरतो. सात जण, ताम्हिणीमार्गे कोकण. टपावर कॅरिअर, कॅरिअरवर तंबू, डिकीत पाण्याचे दोन कॅन आणि एक जादा स्टेपनी. सगळं भरून झालं की कुणीतरी चार पावलं मागे सरकून गाडीकडे बघतं आणि म्हणतं, "अरे, मागून पार बसलीये रे!"

मग कुणीतरी उपाय सुचवतं. मागच्या स्प्रिंगमध्ये एअरबॅग टाक, हवा मार, गाडी एकदम सरळ. (ही एअरबॅग म्हणजे अपघातात स्टिअरिंगमधून फुगणारी नव्हे बरं का. हा रबरी फुगा आहे, मागच्या सस्पेन्शनला हात देणारा.) फुगा वाईट नाही. पण त्याच्याबद्दलचा एक गैरसमज जिवावर बेतू शकतो, म्हणून आज त्याच्याबद्दलच बोलू या.

यामागची कल्पना साधी आहे. दाबलेली हवा स्प्रिंगसारखं काम करते आणि जितकी जास्त दाबावी तितकी ती कडक होत जाते. 'शिवनेरी'च्या व्होल्वो बसमध्ये खड्डे जाणवत नाहीत, ते हवेच्याच सस्पेन्शनमुळे. ऑफ-रोड गाड्यांमध्ये रेंज रोव्हरने १९९२ मध्ये चारही चाकांना हवेचं सस्पेन्शन दिलं. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांना मात्र हवा जोडायची ती मदतनीस म्हणून. १९९८ साली आलेल्या सफारीला मागे कॉइल स्प्रिंग होती, तिथे फुगा कॉइलच्या पोटात बसतो. जिप्सी, बोलेरो किंवा जुन्या जीपला मागे कमानपाटे असतात, तिथे तो अॅक्सल आणि चासीच्या मध्ये लावतात. कॉइलमधल्या फुग्यात साधारण ५ ते ३५ पीएसआय हवा असते. गाडी रिकामी असेल तर कमी, भरलेली असेल तर जास्त.

याचा फायदा खराच आहे. कायमची कडक स्प्रिंग टाकली तर रिकामी गाडी रोज कंबरडं मोडते. फुग्याचं तसं नाही, गरजेपुरती हवा मारायची आणि परत आल्यावर काढायची. मागून बसलेल्या गाडीचे हेडलाइट वर जातात आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतात, तेही सरळ होतात. खडकाळ वाटेवर मागचा भाग घासायचा थांबतो.

मग अडचण कुठे आहे? गाडी वर उचलली जाते, पण तिचं वजन एक किलोनेही कमी होत नाही.

हिशोब करून बघा. सात जण, सरासरी ६५ किलोचे, म्हणजे ४५५ किलो. प्रत्येकाची १० किलोची सॅक धरली तर ५२५. त्यात कॅरिअर, तंबू, पाणी, हौसेने लावलेला लोखंडी बंपर. नाकापेक्षा मोती जड! समजा गाडी दोन टनांची आहे आणि आपण वर अर्धा टन टाकला. तर तोच घाट त्याच वेगाने उतरताना सव्वापट उष्णता जिरवावी लागते, आणि गिअर खालचा ठेवला नाही तर ती जवळजवळ सगळी ब्रेकवर येते. फुगा ब्रेक मोठे करत नाही. टायर, बेअरिंग, अॅक्सल यांपैकी कशाचीही ताकद वाढवत नाही. मागच्या अॅक्सलच्याही मागे लटकलेलं ओझं पुढची चाकं हलकी करतं, स्टिअरिंग तरंगल्यासारखं वाटतं. फुग्याने गाडी दिसायला सरळ होते, पण पुढच्या चाकांवरून गेलेला भार काही परत येत नाही.

कमानपाट्यांच्या गाडीत आणखी एक धोका आहे. पाटा आपला भार चासीवर दोन टोकांना वाटून देतो. फुगा मात्र तो मधल्या एकाच जागी देतो. त्यात वजन जास्त, हवा टम्म आणि रस्ता खड्ड्यांचा असेल, तर चासी तिथेच वाकू शकते.

म्हणूनच आमचं म्हणणं असं की, मागून बसलेली गाडी ही आधी तक्रार समजा. ती दोनपैकी एक गोष्ट सांगत असते, 'स्प्रिंग म्हातारी झालीये' किंवा 'ओझं जास्त झालंय'. दोन्ही वेळा फुगा मारून तिला गप्प करणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. स्प्रिंग थकली असेल तर आधी ती बदला. ओझं जास्त असेल तर उतरवा. माणसं जास्त असतील तर सरळ दोन गाड्या काढा.

एवढं करूनही फुगा हवाच असेल, तर जरूर लावा, पण नीट लावा. कंपनीच्या पुस्तिकेत गाडीचं भरलेलं कमाल वजन दिलेलं असतं, ती मर्यादा फुग्याने बदलत नाही. दोन्ही बाजूंना हवेची नळी वेगळी ठेवा. एकच नळी असेल तर वळणावर एका फुग्यातली हवा दुसऱ्यात पळते आणि गाडी जास्तच कलते. फुगा पूर्ण रिकामा ठेवू नका, चिमटून फाटतो. सायलेन्सरच्या पाइपपासून लांब ठेवा. चिखल-दगडांत उतरताना हवा थोडी कमी करा, नाहीतर कडक झालेलं मागचं चाक खड्ड्यात उतरायच्या ऐवजी अधांतरी फिरत राहतं. आणि चासीला वेल्डिंग किंवा ड्रिल मारण्याआधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मज्जाव करतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं आहे.

जुन्या गाडीवर प्रेम करणं भारीच आहे. हात काळे करून तिला समजून घेणारी मुलं-मुली आम्हाला मनापासून आवडतात. पण ताम्हिणीच्या उतारावर गाडी मागून किती रुबाबदार दिसते हे कुणी विचारत नाही. तिथे फक्त ब्रेक लागतात की नाही एवढंच महत्त्वाचं असतं. तेव्हा पुढच्या ट्रिपला पंप हातात घेण्याआधी एकदा डिकी उघडून बघा, काय काय घरी ठेवता येईल!