मिरजेस गाडी बदलावी

मिरजेवरून जाणे आणि मिरजेस उतरणे या दोन गोष्टी एकेकाळी बहुतेक एकच होत्या. गेल्या खेपेस आम्ही पुण्याहून कोल्हापुरास गेलो तेव्हा मिरज आली, गाडी थांबली आणि काही वेळाने निघालीही. शेजारच्या तरुण उतारूने कानातील यंत्र काढून “कोणतं स्टेशन?” एवढे विचारले व पुन्हा डोळे मिटले. आम्ही मात्र खिडकीच्या काचेस नाक लावून बसलो होतो. जे शोधत होतो ते तेथे नव्हते, हे आम्हास आधीच ठाऊक होते. तरी डोळे शोधतच राहिले.

मिरजेचे स्थान मोठे चमत्कारिक. सदर्न मराठा रेल्वे कंपनीने पुण्याहून लोंढ्याकडे लोहमार्ग नेला, तो एक मीटर रुंदीचा. कोल्हापूर दरबाराने मिरजेपासून आपल्या राजधानीपर्यंत त्याच मापाचा फाटा नेला. त्याची पायाभरणी शाहू महाराजांच्या हस्ते १८८८ साली झाली, आणि १८९१ साली गाड्या धावू लागल्या. सांगलीकरांनीही १९०७ साली मिरज ते सांगली असा चिमुकला फाटा करून घेतला. शेवटी १९२७ साली पंढरपुराकडून बार्शी लाइट रेल्वे येऊन पोचली. तिचे रूळ अवघे अडीच फुटांच्या अंतराचे! तिचा जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनियर. प्रत्येक आसावर सारखा भार पडेल अशी गाड्यांची रचना केली, तर हलक्या रुळांवरूनही पुष्कळ माल नेता येतो, हे त्याने बार्शीस सिद्ध करून दाखविले. उत्तरायुष्यात हाच गृहस्थ विमानातून उडी टाकणाऱ्यांसाठी हवाई छत्र्या तयार करण्याच्या नादी लागला. त्याची गाडी मिरजेस पोचली त्याच वर्षी तो वारला.

दोन मापांचे रूळ एका स्थानकात आले, की गाडी पुढे जात नाही. माणूस आणि माल यांनीच पुढे जावयाचे. इकडून येणारा गूळ व हळद, तिकडून येणारे धान्य, यांतील प्रत्येक पोते एका वाघिणीतून दुसरीत जाण्यास कोणाची तरी पाठ लागे. उतारूंचीही तीच गत. मिशनच्या प्रसिद्ध रुग्णालयात निघालेला रोगी, पंढरीचा वारकरी, कापडात गुंडाळलेला तंबोरा लहान मुलासारखा छातीशी धरून निघालेला गवई, सर्व एकाच फलाटावर तिष्ठत बसत. तंबोऱ्याचे नवल नको. सतारमेकर गल्ली ज्या गावात आहे तेच हे गाव. अब्दुल करीम खाँसाहेबांचा अंत १९३७ साली दूर मद्रासकडील सिंगपेरुमाळकोईल या आडस्थानकाच्या फलाटावर झाला, पण त्यांना चिरविश्रांती मिळाली ती मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात.

१९६० च्या सुमारास आमचे बिऱ्हाड कऱ्हाडास होते. आम्ही आठनऊ वर्षांचे असताना आजीने पंढरपुरास नेले. कऱ्हाडचे स्थानक गावापासून दूर, ओगलेवाडीस. जेथील काचेच्या कारखान्याचा प्रभाकर कंदील त्या वेळी घरोघर असे. पुढे किर्लोस्करवाडी लागली. १९१० साली येथे निवडुंगाचे रान होते आणि स्थानकाचे नाव कुंडल रोड होते, हे आजीने आम्हास सांगितले. तिला कारखान्याच्या धुराड्यांपेक्षा निवडुंगाचेच अधिक स्मरण होते. मिरजेस उतरलो तेव्हा ऊन चढले होते. आजीचे सोवळे कडक. स्थानकावरच्या नळाचे पाणी तिला चालत नसे, म्हणून घरून निघताना कृष्णेचे पाणी भरून घेतलेला फिरकीचा तांब्या तिच्या मांडीवर होता. तो तिने प्रवासभर एकदाही खाली ठेवला नाही.

लहान गाडी निघाली. आरग, सलगरे, कवठेमहांकाळ असे करीत ती पूर्वेकडे चालली, आणि जसजशी चालली तसतसा खिडकीबाहेरचा हिरवा रंग उतरत गेला. काळी जमीन संपून माळ लागला. बाभळी, खडक, मधूनच एखादे मेंढरांचे खांड. ढालगावच्या पुढे एका स्थानकावर एक बाई कडेवर मूल घेऊन चढली आणि दाराशीच बसली. मूल रडून रडून थकले होते. थोड्या वेळाने ती आजीकडे न पाहताच म्हणाली, “आई, घोटभर पानी असंल तर द्या. पोरगं तहानलंय.”

आजी काही सुधारक नव्हती. ती बराच वेळ गप्प बसली. इतका वेळ, की आम्हास लाज वाटू लागली. मग तिने फिरकी उघडली, उठून दाराशी गेली आणि त्या बाईच्या ओंजळीत वरून धार धरली. आधी मूल प्याले, मग आई प्याली. परत येऊन तिने तांब्यात उरलेले पाणी आम्हास पाजले, आणि तांब्या पालथा करून पिशवीत ठेवला. “आजी, तुला?” असे विचारता ती म्हणाली, “मला चंद्रभागेपर्यंत निभेल.” जत रोड गेले, सांगोले गेले, गाडी आपल्या चालीने चालली होती. त्या दिवशी आम्हास त्या गाडीच्या संथपणाचा फार राग आला.

पुढे १९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग रुंद झाला. दक्षिणेकडे बंगळूरचा मार्ग मीटरचाच राहिला, पंढरपूरचा अडीच फुटीच राहिला. त्यामुळे पुढील वीसएक वर्षे मिरजेस तीन मापांचे रूळ एकत्र नांदत होते. स्थानकावर उभे राहिले की आजी, आई आणि नात शेजारी बसल्यासारख्या दिसत. सांगलीचा चिमुकला फाटा मात्र या सुधारणेत गेला. सांगलीस आजही स्टेशन चौकात सभा भरतात. गाडी नाही, नाव आहे. १९९० नंतरच्या दशकात मीटरचे रूळ उखडले, आणि नव्या शतकाच्या आरंभी बार्शी लाइटचीही पाळी आली. ज्यांच्या पाठीवरून हा सारा व्यवहार चालत असे ते हमाल कोठे गेले, याची नोंद कोठे आमच्या पाहण्यात नाही. आमच्यासारख्या हौशी मंडळींनी लहान एंजिनासाठी चार अश्रू गाळले, पण त्यांच्यासाठी कोणी गाळल्याचे ऐकिवात नाही.

आम्हीही त्या गाळणाऱ्यांपैकीच. परंतु २०१६ च्या एप्रिलात लातूर शहर पाण्यावाचून व्याकूळ झाले, तेव्हा राजस्थानातील कोट्याहून धुऊन स्वच्छ केलेल्या टाक्यांच्या वाघिणी आल्या, त्या मिरजेस. ११ तारखेस कृष्णेचे सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन दहा वाघिणींची पहिली गाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी लातुरास पोचली. पुढे पन्नास वाघिणी जोडून एका खेपेस पंचवीस लाख लिटर पाणी जाऊ लागले. सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा हा प्रवास पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी असा, म्हणजे त्या जुन्या लहान गाडीच्याच वाटेने झाला. मिरजेस माप बदलते असते, तर ते पाणी कोणत्या पाठीवरून नेले असते? ही बातमी वाचताना आम्हास वर्तमानपत्रातील टाक्यांचे चित्र दिसेना. आजीचा पालथा तांब्याच दिसत राहिला.

त्या वाटेवरचा देखावाही आता पुष्कळ पालटला आहे. म्हैसाळच्या योजनेने कृष्णेचे पाणी उपसून कवठेमहांकाळ, जत या बाजूस नेले; ते जेथे पोचले तेथे द्राक्षांचे मांडव दिसतात. सांगोल्याची डाळिंबे तर दूरदूरच्या बाजारांत जातात. जेथे पोचले नाही तेथे माळ आहे तसाच आहे, आणि चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहणारी माणसेही तशीच आहेत. गाडी आता जलद जात असल्यामुळे ती खिडकीतून क्षणभरच दिसतात, एवढाच काय तो फरक.

गाडी मिरजेहून सुटल्यावर आम्ही शेजारच्या तरुणास म्हटले, “पूर्वी येथे पंढरपूरसाठी गाडी बदलावी लागे.” तो सभ्यपणे म्हणाला, “आता कोल्हापुराहून पंढरपूरमार्गे थेट नागपूरला गाडी आहे, काका. बसल्या जागेवरून उठायला नको.” त्याचे म्हणणे खरे होते. तेवढ्यात त्याने आपली पाण्याची बाटली काढली आणि पिण्यापूर्वी, घरच्या वळणाने असेल, ती आधी आमच्यापुढे केली.